एक वही, दोन टोकं: घरखर्चाच्या गळतीतून नाताळच्या भेटी

नाताळच्या भेटींसाठी डिसेंबरात पैसे शोधायला निघालं की हात रिकामा राहतो, नाहीतर कार्ड पुढे करावं लागतं. त्या पैशांची वाट आधीच लागलेली असते. कधी भाजीच्या खणात सडलेल्या जुडीत, कधी महिनोन् महिने न उघडलेल्या ॲपच्या वर्गणीत, कधी थेंब थेंब गळणाऱ्या नळात. म्हणून स्वस्तातल्या भेटींच्या कल्पना आणि रोजच्या घरखर्चातली बचत हे दोन विषय मी वेगळे मानत नाही. गेली कित्येक वर्षं ते दोन्ही मी एकाच वहीत लिहिते. पुढून घरखर्च आणि वही उलटी धरून मागून भेटी. पुढच्या पानांवर जे वाचतं ते मागच्या पानांवर खर्ची पडतं. ही पद्धत कोणालाही, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सुरू करता येते.

पुढचं टोक: पहिला महिना फक्त लिहायचं

पहिल्या महिन्यात काहीही बंद करू नका. फक्त लिहा. आधीच काटकसर सुरू केली तर घराचं खरं चित्र दिसतच नाही, कारण चार दिवस सगळेच जपून वागतात.

हाताने लिहायचा आग्रह मी धरते. जपानमधल्या पत्रकार हानी मोतोको यांनी 1904 मध्ये घरच्या जमाखर्चाची वही रूढ केली. तिला तिथे काकेइबो म्हणतात. त्यात खर्चाचे चार भाग करतात: गरजेचा, हौसेचा, मनाला खाद्य देणारा (पुस्तकं, कार्यक्रम वगैरे) आणि अचानक उपटलेला. हे चार कप्पे मला वीस-पंचवीस रकान्यांच्या तक्त्यापेक्षा उपयोगी वाटतात, कारण प्रत्येक खर्च लिहिताना तो कुठल्या कप्प्यात बसतो याचा क्षणभर विचार करावा लागतो. मोबाइलवर आपोआप होणाऱ्या नोंदीत तेवढा क्षणही मिळत नाही.

रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुरतात. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी आठवेल तेवढा भरायचा आणि पुढे जायचं. एक दिवस चुकला म्हणून वही बंद पडणं हेच सगळ्यात मोठं नुकसान.

गळती कुठे असते

महिना संपला की लाल पेन घेऊन बसा. अंदाजाने नव्हे, लिहिलेल्या आकड्यांवरून.

सर्वांत आधी स्वयंपाकघर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगभरात ग्राहकांपर्यंत पोचू शकणाऱ्या अन्नापैकी 19 टक्के वाया गेलं आणि त्यातलं सुमारे 60 टक्के घरांमधलं होतं. म्हणजे हॉटेलं आणि दुकानं मिळून जेवढं टाकतात त्यापेक्षा जास्त आपण आपल्या स्वयंपाकघरांतून टाकतो. विकत घेऊन टाकलेल्या वस्तूवरची बचत ही सगळ्यात कमी त्रासाची, कारण तिच्यासाठी कुणाच्याही ताटातलं काही कमी करावं लागत नाही.

फ्रिजमधला डोळ्यासमोरचा एक खण "आधी संपवायचं" म्हणून राखून ठेवा. उरलेलं, अर्धं कापलेलं, मलूल व्हायला लागलेलं सगळं तिथे. रोज काय शिजवायचं याचा विचार त्या खणापासून सुरू करायचा. नवीन सामान आणलं की जुनं पुढे ओढायचं आणि नवं मागे सारायचं. दुकानांत हेच करतात.

कशाशेजारी काय ठेवतो हेही बघा. सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो. त्याने शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात. पालेभाजी कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर सुटलेला ओलावा फडकं शोषतं आणि पानं जास्त दिवस टिकतात.

फ्रिजचं तापमान 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि फ्रीझरचं उणे 18 असावं. शिजवलेलं अन्न 2 तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. पाकिटावरच्या तारखाही नीट वाचा. "या तारखेपर्यंत उत्तम" हे चवीबद्दल असतं. नीट साठवलेला जिन्नस त्यानंतरही बहुधा खाण्याजोगा असतो. "या तारखेपूर्वी वापरा" हे मात्र सुरक्षिततेबद्दल, तिथे तडजोड नको. या दोन वाक्यांत गल्लत होऊन चांगलं अन्न कचऱ्यात गेलेलं मी फार पाहिलं आहे.

खरेदीला जाताना यादी न्या आणि पोट भरलेलं असू द्या. मोठं पाकीट स्वस्तच असेल असं धरून चालू नका. किलोचा किंवा लिटरचा भाव काढून दोन पाकिटं शेजारी धरा.

आता वीज आणि पाणी. इथे नुसत्या शिस्तीपेक्षा गणित जास्त कामाला येतं. एक युनिट म्हणजे 1000 वॅटचं उपकरण 1 तास चालणं. बंद दिसणारं पण 5 वॅट ओढत राहणारं एक यंत्र वर्षाला जवळपास 44 युनिट खातं. घरात अशी पाच-सहा यंत्रं सहज निघतात. त्यांचे प्लग एकाच बटणाच्या पट्टीवर घेतले की रात्री एका बोटाने सगळी बंद. जुन्या पिवळ्या दिव्याच्या जागी एलईडी लावला तर त्या दिव्याचा वीजखर्च निदान 75 टक्क्यांनी घटतो. पाणी तापवणाऱ्या वॉशिंग मशीनची सुमारे 90 टक्के ऊर्जा पाणी तापवण्यातच जाते, म्हणून फार मळलेले किंवा आजारी माणसाचे कपडे सोडले तर थंड पाण्यावर धुवा. फ्रिजचं दार बंद करताना फटीत एक कागद धरा. दार बंद असूनही तो सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय. आधी ते साबणाच्या पाण्याने पुसून बघा, नुसत्या चिकटलेल्या घाणीमुळेही फट राहते.

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ वर्षाला सुमारे 11 हजार लिटर पाणी घालवतो. बहुतेक वेळा दोष आतल्या वायसरचा असतो आणि तो बदलायला पंधरा मिनिटं लागतात. फ्लशची टाकी गुपचूप गळते का हे बघायला टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाका आणि दहा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतली झडप बदलायला हवी.

वर्गण्यांचं थोडक्यात सांगते. बँकेच्या आणि कार्डाच्या 3 महिन्यांच्या नोंदी काढा, आपोआप कापल्या जाणाऱ्या सगळ्या रकमांवर खूण करा आणि प्रत्येकीपुढे शेवटचा वापर कधी केला ते लिहा. महिनाभर ज्याला हात लावला नाही ते बंद. लागलंच तर पुन्हा सुरू करता येतं.

आणि कार्डाची थकबाकी असेल तर बाकी सगळ्यांआधी ती. समजा व्याज महिना 3 टक्के आहे. ते वर्षाला 36 वाटतं, पण चक्रवाढीने जवळपास 42.6 टक्के होतं. कुठल्याही सुरक्षित ठेवीवर इतका परतावा मिळत नाही, म्हणून थकबाकी फेडणं हीच त्या घडीची सगळ्यात मोठी बचत. गेल्या नाताळच्या भेटी पुढचा नाताळ येईपर्यंत फेडत बसणं मी स्वतः एकदा केलंय. त्या वर्षी कोणाला काय दिलं ते आज आठवत नाही, हप्ते मात्र आठवतात.

वाचलेलं लगेच बाजूला काढा

वाचलेले पैसे खात्यात तसेच राहिले तर ते वाचलेले नसतात, फक्त अजून खर्च व्हायचे असतात. वर्गणी बंद केली त्याच दिवशी तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना देऊन टाका. रोख वापरणाऱ्यांनी पाकीट किंवा डबा करावा. पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाईल गावच्या एका बँकेने 1909 मध्ये ख्रिसमस क्लब नावाचं खातं सुरू केलं होतं: दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे आणि नाताळ जवळ आला की सगळे एकदम घ्यायचे. सहज हात न पोचणारी जागा हाच अशा खात्याचा खरा फायदा. ते आपलं आपणही उभं करू शकतो.

बावन्न आठवड्यांची एक पद्धत पुष्कळांना माहीत आहे: पहिल्या आठवड्यात 1 नाणं, दुसऱ्यात 2, असं करत शेवटच्या आठवड्यात 52. वर्षअखेर 1378 नाणी जमतात. माझं मत असं की ती उलटी करावी. 52 पासून सुरू करून 1 वर यावं. एरवी सगळ्यात मोठे हप्ते नेमके डिसेंबरात येतात, जेव्हा घर आधीच ताणलेलं असतं, आणि तिथेच बहुतेकांची साखळी तुटते.

मागचं टोक: माणसं

आता वही उलटी करा. प्रत्येक माणसाला एक पान. त्यावर वर्षभर त्या माणसाच्या तोंडून निघालेली वाक्यं लिहायची. "हा चाकू काही कापत नाही." "आईच्या अक्षरातलं काहीच माझ्याकडे उरलं नाही." "बाल्कनीत हिरवं काहीतरी हवं." लोक आपल्याला काय हवं ते सतत सांगत असतात, फक्त ते मार्चमध्ये सांगतात आणि आपण डिसेंबरात आठवायला बसतो.

हे नुसतं हळवेपणाचं बोलणं नाही. अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी 1993 मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं, मिळालेल्या भेटीसाठी स्वतः किती पैसे मोजले असते? भावनिक किंमत बाजूला ठेवून आलेली उत्तरं भेटीच्या अंदाजे खरेदी किमतीपेक्षा कमी होती. मूल्याची घट एक दशांश ते एक तृतीयांश इतकी निघाली. घट सगळीकडे सारखी नव्हती. मित्र आणि जवळच्या जोडीदाराच्या भेटींत कमी होती, दूरच्या नातलगांच्या भेटींत जास्त. जो ओळखतो तो कमी चुकतो. मार्चमधली ती वाक्यं लिहून ठेवायची ती यासाठी.

नावांची यादी पूर्ण झाली की प्रत्येक नावापुढे रक्कम लिहा आणि बेरीज करा. बेरीज डब्यातल्या पैशांपेक्षा मोठी आली तर रकमा कुरतडत बसू नका, आधी देण्याघेण्याची रचना बदला. 8 मोठी माणसं एकमेकांना भेटी देतात तेव्हा 56 भेटी घ्याव्या लागतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच दिली तर फक्त 8. चिठ्ठ्या काढताना स्वतःचंच नाव येण्याची अडचण टाळायला खेळात नसलेल्या कोणालातरी, एखाद्या मोठ्या मुलाला, सगळ्या चिठ्ठ्या मिसळून वर्तुळात मांडायला सांगा. प्रत्येकाने आपल्या पुढच्या नावाला द्यायचं. मुलांना मात्र या रचनेतून बाहेर ठेवा, त्यांच्या भेटी नेहमीसारख्याच होऊ द्या.

हा विषय घरच्यांपुढे ऑक्टोबरच्या आत काढावा. उशीर झाला तर कोणीतरी आधीच खरेदी केलेली असते आणि त्याला अवघडल्यासारखं होतं. "यंदा आमचं जरा बेताचं आहे, चिठ्ठ्या टाकूया का?" एवढं सरळ विचारलं की बहुतेकांना हायसंच वाटतं. कोणीतरी आधी बोलावं याची सगळे वाट बघत असतात.

हाताने करायच्या भेटी

हाताने केलेलं सगळंच स्वस्त पडत नाही, हे आधी मान्य करू. विणकामाची लोकर, साबणाचे साचे, रंग, सुवासिक तेलं एका भेटीसाठी विकत घेतली तर तयार वस्तूपेक्षा महाग पडतात. एकच प्रकार निवडून त्याच्या सहा-आठ भेटी केल्या तरच हिशोब जमतो.

बरणीतलं कुकीचं मिश्रण हा माझा सगळ्यात भरवशाचा प्रकार. 1 लिटरची स्वच्छ, पूर्ण कोरडी बरणी घ्या. पावणेदोन कप मैद्यात पाऊण चमचा खायचा सोडा आणि पाऊण चमचा मीठ मिसळून तळाशी भरा. वर दीड कप चॉकलेट चिप्स, त्यावर पाऊण कप ब्राऊन शुगर, शेवटी अर्धा कप साधी साखर. प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने घट्ट दाबा, नाहीतर सगळं मावणार नाही. बरणीला चिठ्ठी बांधा: "पाऊण कप मऊ लोणी, 1 अंडं आणि पाऊण चमचा व्हॅनिला फेटून त्यात बरणी रिकामी करा, 190 अंशांवर 9 ते 11 मिनिटं भाजा." यात गहू आहे आणि चॉकलेटमध्ये दूध असू शकतं, हेही चिठ्ठीवर लिहा. ब्राऊन शुगर कालांतराने दगडासारखी होते, म्हणून दोन महिन्यांत वापरायला सांगा.

खाण्याच्या भेटींत एक गोष्ट कळकळीने टाळायला सांगते: घरी केलेलं, कच्च्या लसणाच्या पाकळ्या बुडवलेलं तेल. दिसायला सुंदर असतं, पण तेलाखाली हवा नसते आणि लसूण मातीतून येतो. बोट्युलिझम हा जीवघेणा आजार करणारे जिवाणू अशाच जागी वाढतात आणि वासाने किंवा चवीने ते कळत नाहीत.

मेणबत्तीसाठी कानतुटका नसलेला, जाड आणि बिनचिरेचा जुना कप शोधा. जिथवर मेण हवं तिथवर पाणी भरून मोजा. पाणी 200 मिली भरलं तर साधारण 170 ते 180 ग्रॅम सोया मेण लागेल. कप पुसून अगदी कोरडा करा आणि धातूची बैठक असलेली सुती वात तळाच्या मध्यावर चिकटवा. मेण थेट आचेवर ठेवू नका. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून सुमारे 80 अंशांपर्यंत वितळवा, आच बंद करा आणि मेणबत्तीसाठीचं सुवासिक तेल वजनाच्या 6 टक्के, म्हणजे इथे 10 ग्रॅमच्या आसपास, घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा. 60 अंशांच्या आसपास आलं की ओता. वात दोन काड्यांमध्ये धरून सरळ उभी ठेवा. मेण घट्ट व्हायला एक दिवस पुरतो, पण वास मुरायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून हे काम नोव्हेंबरातच उरकावं. वितळतं मेण पेटलंच तर त्यावर पाणी ओतू नका. झाकण ठेवून हवा तोडा.

रोपांना जवळजवळ काहीच खर्च नाही, फक्त वेळ लागतो. मनी प्लांटची फांदी पेराच्या थोडं खाली कापून पाण्यात ठेवली की दोन ते चार आठवड्यांत मुळं फुटतात. ऑक्टोबरात कापली तर डिसेंबरपर्यंत कुंडीत रुळलेली असते. मात्र घेणाऱ्याकडे मांजर किंवा कुत्रा असेल तर मनी प्लांट देऊ नका, तो त्यांना बाधतो. तिथे स्पायडर प्लांट द्या. त्याला लोंबणारी पिल्लं थेट मातीत लागतात आणि ते प्राण्यांना विषारी नाही.

आणि मग अशा भेटी, ज्यांत वस्तू जवळपास नसतेच. धार लावलेले चाकू. पट्टा बदललेलं जुनं घड्याळ. फाटलेल्या पण आवडत्या कोटाला नवं अस्तर. तान्हं बाळ असलेल्या घरासाठी "चार संध्याकाळी बाळाला मी सांभाळेन" असं लिहिलेलं कार्ड, आणि त्यावर तारखा आपणच घालून द्यायच्या. तारीख नसलेलं कार्ड कोणी वापरत नाही, मागायला लोकांना संकोच वाटतो.

एका वर्षी मावशीने आम्हा सगळ्या भावंडांना प्रत्येकी एक पातळ वही दिली. आजीच्या पाककृती तिने स्वतःच्या अक्षरात उतरवल्या होत्या आणि शेजारी "हे ती रागावली की करायची", "हे तुझ्या बाबांना आवडायचं" असे शेरे होते. तेव्हा मी ती चाळून ठेवून दिली. आज घरातली ती एकच भेट आहे जिच्यावर तेलाचे डाग पडलेत आणि तरी मी ती बदलणार नाही. तुमच्या घरात अशी सांगणारी माणसं असतील तर एका दुपारी त्यांच्यासमोर बसा आणि लिहून घ्या.

वेष्टनावर फार खर्च करू नका. चौकोनी कापड सगळ्यात चांगलं; वस्तूच्या लांब बाजूच्या सुमारे तिप्पट कापडाचा कर्ण असला की गाठ नीट बसते. कागद वापरलात तर मुठीत चुरगाळून बघा. चुरगाळलेलाच राहिला तर तो बहुधा पुनर्वापरात जाऊ शकतो. पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिक किंवा धातूचा थर आहे. चमकी लावलेला कागद मात्र चुरगाळलेला राहिला तरी पुनर्वापरात चालत नाही.

तारखा उलट्या मोजा

25 डिसेंबरपासून मागे या. टपालाने जायच्या भेटी 1 डिसेंबरच्या आत तयार हव्यात, परदेशी जायच्या असतील तर त्याहून बऱ्याच आधी. ॲडव्हेंट, म्हणजे नाताळच्या आधीचा तयारीचा काळ, 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यानच्या रविवारी सुरू होतो. त्या रविवारी माझी खरेदी संपलेली असते आणि उरलेल्या आठवड्यांत फक्त करायचं, बांधायचं काम असतं. बाजारात उतरायचं नसलं की ऐनवेळची खरेदी आपोआप टळते, आणि वहीत बघितलं तर सगळ्यात महागडे निर्णय त्या शेवटच्या दहा दिवसांतलेच निघतात.

काही राहून गेलंच तर नाताळचा सण परंपरेने बारा दिवसांचा आहे, 6 जानेवारीच्या एपिफनी या ख्रिस्ती सणापर्यंत. दूरच्या मित्रमंडळींशी आमचं ठरलेलं आहे की भेटी जानेवारीत भेटू तेव्हाच द्यायच्या. तोवर सवलतीही लागलेल्या असतात.

26 डिसेंबरला तासभर काढा. फिती, खोकी, न फाटलेले कागद सपाट करून एका पेटीत भरा आणि पेटी कुठे ठेवली ते वहीच्या मागच्या पहिल्या पानावर लिहा. प्रत्येक नावाच्या पानावर काय दिलं, किती खर्च आला आणि उघडताना चेहरा कसा होता ते नोंदवा. मग नवीन पान उघडून त्याच दिवशी कोणाच्या बोलण्यात काय आलं तेही टिपून ठेवा. सुट्टीत सगळी मंडळी एकत्र असतात, भरपूर बोलतात, आणि पुढच्या वर्षीची पहिली दोन-तीन वाक्यं बहुधा त्याच संध्याकाळी मिळतात.